उपग्रहाचे फोटो बघण्यात करिअर असतं का?

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातली, बीएस्सी भूगोलच्या शेवटच्या वर्षाला आहे. रिमोट सेन्सिंगमध्ये, म्हणजे उपग्रहातून किंवा विमानातून घेतलेल्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्यात, पुढे शिकून प्राध्यापक व्हायचंय, संशोधन करायचंय. पण घरचे म्हणतात फोटो बघत बसण्यात कसलं आलंय करिअर, आणि सिनियर म्हणतात आता सगळं एआय करतं, तू फक्त सॉफ्टवेअर शिकून घे. माझं गणित बरं आहे, भारी नाही. काय करू?

उत्तर: कर गं, नक्की कर, फक्त सॉफ्टवेअर बघून करिअर ठरवू नकोस, आधी प्रश्न ठरव. आपल्याकडे या विषयाची सुरुवातच एका साध्या प्रश्नातून झाली. केरळात नारळाला रूट विल्ट नावाचा रोग लागत होता, तो वरून ओळखता येईल का? 1970च्या सुमारास पी. आर. पिशारोटी या शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर बागांचे फोटो काढले. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं, रोगट पान कमी फेकतं, त्यामुळे आजारी झाडं फोटोत वेगळी उठून दिसली.

आणि या माणसाचं करिअर बघ ना! मूळचे फिजिक्सचे, सी. व्ही. रामन यांच्याकडे काम केलेलं, मग हवामान खातं, मग कुलाबा-अलिबागच्या चुंबकीय वेधशाळा, 1962 मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था निघाली तिचे पहिले संचालक, आणि रिटायर झाल्यावर विक्रम साराभाईंच्या अहमदाबादला जाऊन रिमोट सेन्सिंग. म्हणजे भारतातल्या रिमोट सेन्सिंगचे जनक ज्यांना म्हणतात ते या विषयात आले साठीच्या आसपास, त्यामुळे तुझा मूळ विषय भूगोल आहे म्हणून अजिबात दबून जाऊ नकोस.

एआयचं म्हणशील तर त्याला शिकवायला शेतातली खरी माहिती लागते. 1988च्या आपल्या आयआरएस-1ए उपग्रहाच्या लिस-1 कॅमेऱ्याचा एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सगळ्यात छोटा चौकोन, जमिनीवर 72.5 मीटर बाजूचा, म्हणजे सव्वा एकराहून जास्त. आता सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहाचे 10 मीटरचे, एका एकरात साधारण 40 पिक्सेल, आणि डेटा फुकट. पण तो पिक्सेल सोयाबीनचा की तुरीचा हे बांधावर जाऊन कुणीतरी लिहून आणावंच लागतं. याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात आणि माझ्या मते चांगला संशोधक इथेच कळतो. शेतकऱ्याच्या घरातली पोरगी असशील तर हे काम तुला शहरातल्या पोरांपेक्षा चांगलं जमेल, हे मी मनापासून सांगते.

शिवाय खरिपात आपल्याकडे ढग, साधा कॅमेरा ऐन पावसाळ्यात आंधळा. तिथे रडार लागतं, ते ढगातून आणि रात्रीही बघतं. युरोपचा सेंटिनेल-1 हा रडार उपग्रह आहेच, आणि जुलै 2025 मध्ये इस्रो-नासाचा निसार हा रडार उपग्रह गेला, तो 12 दिवसांनी परत त्याच जागेवर येतो. रडारवर पकड असलेली माणसं अजून कमी आहेत, माझं ऐकशील तर तिकडेच जा. गणित? मॅट्रिक्स, स्टॅटिस्टिक्स आणि थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) एवढं आत्ता पक्कं कर, पुढचं लागेल तसं येतं.

रस्ता साधा आहे, जिओइन्फॉर्मॅटिक्समध्ये (नकाशे आणि उपग्रहाच्या डेटाचं शास्त्र) एमएस्सी, नेट-जेआरएफ ही प्राध्यापकी आणि संशोधन फेलोशिपची परीक्षा, मग पीएचडी. वेळ लागतो, कायम नोकरीला त्याहून जास्त लागतो, घरी हे आत्ताच स्पष्ट सांग. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या रिमोट सेन्सिंग संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, ते लगेच सुरू कर. नागपूरला एमआरसॅक हे राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र आहे, आयआयटी मुंबईत या विषयाचं वेगळं सेंटर आहे, तिथे इंटर्नशिपसाठी मेल टाक. आणि येत्या खरिपात गावातल्या वीस-पंचवीस शेतांचं पीक, पेरणीची तारीख आणि मोबाईलवरचं लोकेशन वहीत उतरव, मग सेंटिनेल-1च्या चित्रांशी ताडून बघ, एमएस्सीचा प्रोजेक्ट त्यातूनच निघेल.