एकाच पगारात, नेटवरच्या फुकट साहित्यावर मुलांना घरी शिकवता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भांडुपला राहता, मिस्टरांचा एकट्याचा पगार, तुम्ही घरी शिवणकाम करता, मुलं पाच आणि सात वर्षांची. शाळेची फी झेपेना, तर नेटवर फुकट मिळतं त्यावर घरीच शिकवलं तर चालेल का आणि काय काय वापरायचं?

चालतं. आम्ही परळला वन रूम किचनमध्ये तेच करतोय. पैसे खरंच फार लागत नाहीत, माणूस लागतो. सकाळचे दोन तास मशीन बंद ठेवून मुलांजवळ बसता येणार असेल तरच पुढचं वाचा.

आमच्याकडे फोन आईबाबांचा. रात्री मुलं झोपली की दिवसाच्या नेट पॅकमधला उरलेला डेटा वापरून उद्याचं उतरवून ठेवायचं आणि सकाळी फोन कपाटावर. एवढ्या लहान मुलांच्या हातात अ‍ॅप दिलं की दहा मिनिटं अभ्यास आणि पुढे नुसती बोटं सरकवणं, हे प्रत्येक घरात दिसतं. फुकट अ‍ॅपची यादी मागाल तर पन्नास नावं मिळतील. मी तीन-चारच सांगते.

पाया बालभारतीचा. ई-बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. मात्र ती छापायला झेरॉक्सवाल्याकडे जाऊ नका. पानाला दोन-तीन रुपये धरले तरी छापील पुस्तक विकत घेणं स्वस्त पडतं. पीडीएफ आपल्याला आदल्या रात्री वाचायला. रद्दीवाल्याकडून जुनं घेणार असाल तर एक बघा: पहिलीचं पुस्तक 2025-26 पासून बदललंय. खरं सांगायचं तर शिकायला जुनंही काही वाईट नाही.

वाचनासाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साइट. चित्रांच्या गोष्टी, मराठीतही भरपूर, पातळीप्रमाणे लावलेल्या. पहिल्या पातळीत पानाला एखाददुसरं वाक्य. बऱ्याच गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत. रात्री मराठीतून वाचायची, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे इंग्रजी शब्दांचा अर्थ मुलं आपणच लावतात. माझ्या मते इंग्रजीच्या क्लासची फी इथेच वाचते. वाचन जरा सुटलं की बालभारतीच्याच ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक. 1971 पासून निघणारं मासिक, जुने अंक साइटवर फुकट ठेवलेत. आमच्याकडे आजोबाच जास्त वाचतात.

विज्ञानाला टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवणाऱ्या अरविंद गुप्तांची साइट. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, एवढ्यात आठवडाभर खेळ चालतो. ट्यूबचा छोटा तुकडा सांधा म्हणून वापरायचा आणि त्यात काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच एका बाजूला लवंडतो. मग त्यात एक तिरकी काडी घातली की तोही ताठ उभा. हे हातानं केल्यावर मुलगा स्टेशनच्या पुलाखाली मान वर करून तिरके गर्डर मोजत राहिला आणि आमची गाडी गेली.

गणितासाठी मी कुठलंच अ‍ॅप वापरत नाही. भाजीची पिशवी आहे, बसचं तिकीट आहे. आणि मुंबईत राहून समुद्र फुकट आहे. कोळी लोकांचा जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, बाराच्या आसपास ओहोटी. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. आजोबांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ, त्यांनी बोलायची आणि मुलानं वहीत वेळ मांडायची. मग ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर जायचं, खेकडे, शंख आणि खळग्यात साठलेल्या पाण्यात समुद्रफुलं (फुलांसारखे दिसणारे प्राणी) बघायची. वेळ अर्धा तास इकडेतिकडे होते. का होते, हा पुढचा धडा. चपला घसरणाऱ्या नकोत, पावसाळ्यात अजिबात नको, आणि निघण्याआधी भरतीची खरी वेळ नेटवर बघून घ्याच. पोरांचा हिशेब चुकलेला असू शकतो.

राणीची बाग आणि तिथलंच भाऊ दाजी लाड संग्रहालय तुम्हाला माहीत असेलच. दोन्ही बुधवारी बंद, तेवढं लक्षात ठेवा.

आता कायद्याचं, कारण सासरमाहेरचे सगळे तेच विचारतील. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा ठेवलेली नाही. घरी शिकवायला परवानगी देणारं वेगळं कलमही नाही. त्याच कायद्यानं मूल मध्येच शाळेत घालायचं ठरलं तर वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे परतीचा रस्ता बंद होत नाही. परीक्षेसाठी एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त शाळा मंडळ आहे. त्यांची तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीची परीक्षा असते आणि दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात. घरी शिकून 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीला गेलेल्या मुंबईच्या मुलीची बातमी तुम्हाला कोणीतरी पाठवेलच. बातमी खरी आहे, पण तिच्याकडे ऑलिंपियाडची पदकं होती. आपल्याला सध्या दोन अंकी वजाबाकी पुरे.

शिवणाची ऑर्डर वाढून ते दोन तास निघेनासे झाले, तर मात्र ओढाताण करू नका. महापालिकेच्या शाळेत घाला. फी नाही, पुस्तकं आणि गणवेशही मिळतात. गोष्टी, काड्या आणि ओहोटी संध्याकाळी आणि रविवारी चालू ठेवता येतात. धाकट्याला तर आत्ता वेगळं काही शिकवायलाच नको. थोरल्याच्या शेजारी बसू द्या आणि रंगाची पेटी हाताशी ठेवा.