अरबी समुद्राखालचे भूकवच आणि दोन वर्षांची मुदत

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गणितात ८४ आणि भौतिकशास्त्रात ६३ टक्के गुण आहेत. महाविद्यालयाच्या सहलीत गोव्याची समुद्रविज्ञान संस्था पाहून आल्यापासून गुरुत्व आणि चुंबकीय मोजमापांवरून अरबी समुद्राखालच्या भूकवचाचा अभ्यास करायचा, असे म्हणते. समुद्राचे नकाशे आता मोबाइलवरही दिसतात, तेव्हा या क्षेत्रात काही उरले आहे असे आम्हाला वाटत नाही. मुलीने जहाजावर जाणेही आम्हाला मान्य नाही. आम्ही तिला दोन वर्षांची मुदत दिली आहे. तोवर नोकरी लागली नाही तर स्थळे पाहू. तिने एम.सी.ए. करावे, हे आपण तिला समजावून सांगावे.
— एक पालक, कऱ्हाड

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात गुण आणि विषय लक्षात आले. दुसऱ्या वाचनात असे लक्षात आले की, मुलीचे म्हणणे एका वाक्यात उरकले आहे आणि उरलेले सारे पत्र ‘आम्ही’ने व्यापले आहे. माझ्यासमोर बसून, मी मुलीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच देणारे वडील मला नवे नाहीत. तुमच्या पत्रात तेच घडले आहे. तुम्हाला सल्ला नको आहे, आधीच घेतलेल्या निर्णयाखाली माझी सही हवी आहे, आणि ती मी करणार नाही.

त्या मुदतीचा हिशेब तुम्ही एकदा तरी मांडून पाहिला आहे का? मुलीची पदवी अजून पूर्ण व्हायची आहे. त्यानंतर एम.एस्सी.ला दोन वर्षे लागतात, म्हणजे तुमची मुदत तिचे शेवटचे सत्र पुरे होण्याआधीच संपते. पण ज्या एम.सी.ए.चा तुम्ही आग्रह धरता, तेही दोनच वर्षांचे आहे, आणि त्या वाटेने गेली तरी मुलगी तुमच्या मुदतीत नोकरीला लागलेली नसेल. मग ही मुदत नोकरीची नाही, लग्नाची आहे, आणि तिला करिअरच्या प्रश्नाचा पोशाख चढवला आहे. लग्नाविषयी बोलायचे असेल तर घरात सरळ बोला, त्यासाठी तिच्या विषयाला, म्हणजे भूभौतिकशास्त्राला, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. डोक्यावर टांगलेल्या तारखेखाली अवघड गणित शिकता येत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

आता मोबाइलवरच्या नकाशाविषयी. हा समज इतका सर्रास आढळतो की, त्यावर थोडे थांबणे भाग आहे. त्या निळ्या नकाशावर तुम्हाला समुद्रतळाची खोली दिसते, त्याखालचे भूकवच दिसत नाही. आणि ती खोलीही जगातल्या जेमतेम पाव समुद्रतळावर ध्वनिलहरींनी नीट मोजलेली आहे. उरलेली बरीचशी आकृती उपग्रहांच्या साहाय्याने गुरुत्वावरूनच काढलेली आहे : तळावर दोन किलोमीटर उंचीचा डोंगर असेल, तर त्याच्या आकर्षणाने पाणी त्याच्याकडे ओढले जाऊन समुद्राच्या पृष्ठभागाला सुमारे दोन मीटरचा फुगवटा येतो, आणि उपग्रह तो फुगवटा मोजतो. म्हणजे ज्या नकाशाच्या आधारे तुम्ही मुलीचा विषय संपला म्हणता, तो नकाशा पुष्कळसा तिच्याच विषयाने काढला आहे. राहिला भूकवचाचा प्रश्न. आपल्या कोकण किनाऱ्यासमोर, खोल पाण्यात, लक्ष्मी नावाची बुडालेली पर्वतरांग आहे. समुद्रतळावरचा डोंगर सहसा गुरुत्वात वाढ दाखवतो. ही रांग उलट घट दाखवते. तिच्याखाली हलक्या खडकांचे जाड कवच, म्हणजे भारतापासून सुटलेला खंडाचा एक तुकडा असावा, असे अनुमान १९८२ मध्ये मांडले गेले. ही रांग आणि आपला किनारा यांच्यामधल्या लक्ष्मी खोऱ्याचे कोडे आणखी बिकट आहे. तिथल्या चुंबकीय पट्ट्या, म्हणजे एकाआड एक जास्त-कमी चुंबकत्व दाखवणारे पट्टे, पाहून गोव्याच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात हा समुद्रतळ पसरून तयार झालेला सागरी कवचाचा भाग आहे असे म्हटले. इतरांच्या मते ते ताणून पातळ झालेले खंडीय कवच आहे आणि पट्ट्या त्यात घुसलेल्या लाव्ह्याच्या आहेत. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या जहाजाने तिथे छिद्र पाडले आणि तळाखाली सुमारे एक किलोमीटरवर बेसॉल्ट, म्हणजे गोठलेल्या लाव्ह्याचा काळा खडक, गाठला, तरीही वाद मिटलेला नाही. मिटत नाही याचे कारणही सांगतो. गुरुत्वाची एकच विसंगती, म्हणजे अपेक्षेहून जास्त किंवा कमी भरलेले माप, जमिनीखालच्या अनेक रचनांमधून निघू शकते. वरवरचा हलका थर आणि खोलवरचे जाड कवच जवळपास सारखीच वक्ररेषा देऊ शकतात. त्यांतली कोणती रचना शक्य नाही, हे चुंबकीय, भूकंपलहरींच्या आणि छिद्रांच्या माहितीशी ताडून ठरवावे लागते. हे काम ना मोबाइल करतो, ना संगणक आपण होऊन करतो.

यासाठी गणित लागते आणि ते तुमच्या मुलीकडे आहे. भौतिकशास्त्रातल्या ६३ची मला काळजी वाटत नाही.

जहाजाबद्दल तुमच्या मनात बहुधा आयुष्यभराची खलाशीगिरी आहे. प्रत्यक्षात एक मोहीम काही आठवड्यांची असते आणि तिच्या नोंदींवर पुढची काही वर्षे टेबलाशी बसून काम चालते. जहाजाच्या लोखंडाने नोंद बिघडू नये म्हणून चुंबकत्वमापक काही शे मीटर केबलने मागे ओढत न्यावा लागतो. गुरुत्वमापकाचे दुखणे वेगळे : अरबी समुद्रात दहा नॉट वेगाने पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर तो सुमारे ७० मिलिगल (गुरुत्व मोजण्याचे लहान एकक) कमी दाखवतो, जहाज पश्चिमेला वळले की तितकेच जास्त, आणि शोधायची विसंगती पुष्कळदा याहून लहान असते. म्हणून वेग आणि दिशा यांची नोंद डोळ्यांत तेल घालून ठेवणारी माणसे लागतात. ती पुरुषच असावीत असा नियम नाही. मूळच्या नागपूरच्या आणि गोव्याच्या याच संस्थेत काम केलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला जाऊन आल्या. त्यानंतर चाळीस वर्षांनी तुमच्या मुलीने गोव्यातल्या दोना पावलाहून निघायला तुम्ही हरकत घ्यावी, हे मला समजत नाही.

वाट परिचित आहे : आयआयटीच्या एम.एस्सी. प्रवेशाच्या जॅम परीक्षेतून उपयोजित भूभौतिकीचे एम.एस्सी., त्यानंतर गेट परीक्षा, संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा, किंवा गोवा, हैदराबाद, नवीन पनवेल येथील संस्थांमध्ये पीएच.डी. जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. मात्र हेच कौशल्य तेलसंशोधनात, खनिजांच्या हवाई सर्वेक्षणात आणि भूकंपाच्या अभ्यासात चालते. तुमच्या कोयनेच्या खोऱ्यातही विमानातून गुरुत्व आणि चुंबकीय मोजणी झाली आहे, आणि कऱ्हाडजवळ हजारमाचीला तिथल्या भूकंपांचा खोल छिद्रे पाडून अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभी आहे. एम.सी.ए.चा फॉर्म भरण्यापूर्वी तिथे पत्र पाठवून, परवानगी मिळाल्यास मुलीसोबत एक दिवस जाऊन या, आणि तिथे तिलाच प्रश्न विचारू द्या.

तिच्यासाठी माझ्याकडे एक काम आहे, कारण सहलीत जडलेली आवड टिकाऊ आहे की नाही, हे माझ्या पत्राने कळणार नाही. उपग्रहांवरून काढलेली गुरुत्वाची आकडेवारी इंटरनेटवर विनामूल्य मिळते. रत्नागिरीपासून सरळ पश्चिमेला, लक्ष्मी रांग ओलांडेपर्यंत एक रेषा आखावी, तिच्यावरचे आकडे आलेखावर मांडावेत आणि त्या वक्ररेषेशी जुळणारी कवचाची दोन वेगळी चित्रे काढावीत : एक खंडीय कवचाचे, एक सागरी कवचाचे. घनतेसाठी खंडीय कवचाला २.७, सागरी कवचाला २.९ आणि त्याखालच्या प्रावरणाला ३.३ (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) हे आकडे सुरुवातीला पुरेत. दुसरे चित्र जुळवताना ती वैतागली तर एम.सी.ए.चा विचार जरूर करावा. रात्र कधी सरली हे तिला कळले नाही, तर मला कळवावे. ते पत्र मात्र तिने स्वतः लिहावे, आणि पाठवण्यापूर्वी तुम्ही ते तपासू नये.