पेडलवर चालणाऱ्या कयाकला मासेमारीसाठी काय काय बसवावं?

सगळ्यात आधी नांगराची सोय करा. बहुतेक जण फिश फाइंडरपासून, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रापासून, सुरुवात करतात, ते मला पटत नाही. कयाकच्या बाजूने छोट्या कप्प्यांवर (पुलींवर) फिरणारी दोरी, म्हणजे अँकर ट्रॉली, लावली की नांगराची ओढ पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे नेता येते. वाहत्या पाण्यात मधोमध बांधलेला नांगर कयाक आडवी करून उलटवू शकतो. दोरी झटकन कापता यावी म्हणून सुरी हाताशी हवीच.

रॉड होल्डर, म्हणजे गळाची काठी उभी ठेवायचे आधार, दोन-तीन पुरेत. बाजूच्या रुळांवर सरकणारे घेतलेत तर भोकं पाडावी लागत नाहीत. बसवण्याआधी सीटवर बसून पेडल मारून बघा, गुडघे कुठे लागतात ते कळेल.

फिश फाइंडरला 12 व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी चालते. ती पाणी न शिरणाऱ्या डब्यात, खाली ठेवा.

उथळ पाण्यात हॉबी कंपनीच्या मिराज ड्राइव्हचे, म्हणजे पंखांनी कयाक पुढे ढकलणाऱ्या पेडल यंत्रणेचे, पंख कयाकच्या तळाला चपटे करता येतात, प्रोपेलर असेल तर तो वर उचलावा लागतो. अशा वेळी पेडलचा नीट उपयोग होत नाही, म्हणून वल्हं नेहमी सोबत, दोरीने बांधलेलं. आणि लाइफ जॅकेट अंगातच, सीटमागे नाही.