कणीस चिवट का होतं? आधी ते कधी मोडलं ते विचारा

ताई, तुम्ही लिहिलंय की मंडईतून आणलेली कणसं कुकरला पाच शिट्ट्या देऊनही चिवटच राहिली, आणि रविवारी पाहुणे यायचेत. कणसं सोललेली आणली होती का? मग कुकरला बोल लावू नका.

आमची शेती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नडकडं, दरसाल मका असतोच. लहानपणी माय आधी चुलीवर आधण ठेवायची आणि मग आम्हाला कणसं मोडायला पिटाळायची. तेव्हा ती घाई वाटायची. पण कणीस ताटावरून मोडलं की दाण्यातल्या साखरेचं पीठ व्हायला लागतं. उकाड्यात हे भराभर होतं, गारव्यात हळू. एकदा मीच शहाणपणा करून पोतंभर कणसं आदल्या दिवशी आणून कोपऱ्यात ढीग लावला. सकाळी ढिगात हात घातला तर आत चांगलंच गरम! त्या कणसांना ना गोडी उरली होती ना रस.

म्हणून रविवारची कणसं रविवारीच सकाळी आणा, तीही पाल्यासकट. केस टोकाला तपकिरी वाळलेले, पण बुडाशी ओलसर हवेत. पाला थोडा सारून दाण्यात अंगठ्याचं नख रुतवा. दुधासारखा चीक उडाला की घ्या. नुसतं पाणी आलं तर कोवळं आहे, आणि नख रुतलंच नाही तर ते दळायला ठेवा. विकणारा कुरकुर करतो, करू द्या. लगेच शिजवणार नसाल तर पाला न काढता फ्रिजमध्ये.

आता देशी की स्वीट कॉर्न, हे ठरवा. उकडायला स्वीट कॉर्न बरं: त्यात साखर मुळातच जास्त आणि ती टिकतेही. पण त्याला कुकर नको. उकळत्या पाण्यात टाका, चार-पाच मिनिटांत काढा. देशी असेल तर मात्र कुकर, पाणी कणीस बुडेल इतकं, तीन-चार शिट्ट्या. कोवळं असेल तर दोनच पुरे. मीठ मी नंतरच लावतो.

भाजायला मात्र देशीच. खुलताबाद-वेरूळच्या रस्त्यावर पावसात गाडी थांबवायला लावणारा तो वास घरच्या गॅसवर येत नाही, हे कबूल करूनच पुढं जाऊ. तिथं निखारे असतात, पंखा हलत असतो आणि विकणारीचं लक्ष कणसावरून हटत नाही. घरी शेगडी असेल तर कोळसा पेटवून ज्वाळा बसू द्या. राख धरलेल्या निखाऱ्यावर कणीस ठेवून फिरवत राहा. दाणे तडतडायला लागले, एखादा उडाला आणि जागोजागी काळे ठिपके आले की झालं. गॅसवर जाळी ठेवून मध्यम आचेवर भाजा. मोठ्या आचेवर वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं. पाला तोडून टाकू नका, मागं मोडून गाठ मारली की धरायला दांडा होतो. फक्त तो आगीपासून बाहेर राहील एवढं बघा.

वाढताना लिंबू-मीठ-तिखट आहेच. अर्धं लिंबू मीठ-तिखटात बुडवून कणसावर जोरात घासायचं, फार पिळायचं नाही, नाहीतर मसाला ओघळतो. पण आपल्याकडं हुरड्याला ज्या चटण्या लागतात, शेंगदाण्याची, कारळाची, लसणाची, त्या कणसाबरोबर कोणी का ठेवत नाही मला कळत नाही. उकडलेल्या गरम कणसाला आधी घरचं लोणी चोपडा, मग त्यावर काळं तिखट भुरभुरा. लोण्याला तिखट चिकटून बसतं. मागच्या पावसाळ्यात पुण्याच्या मेव्हण्यांनी असं एक खाल्लं आणि दुसरं मागताना बायकोकडं बघितलं नाही.

माणशी दीड धरा, म्हाताऱ्यांसाठी दाणे सुरीनं उतरवून वाटीत द्या. सगळं एकदम उकडून झाकून ठेवू नका, दाणे सुरकुततात. पाहुणे बसले की पहिला घाणा टाका, ते खाईस्तोवर दुसरा होतो. उरलेले दाणे सकाळी उपम्यात घाला, आणि पाला कुणाच्या गोठ्यात पोचवता आला तर बघा, म्हैस आवडीनं खाते.