शोकाकुल घरी पहिल्यांदा जाताना

समुपदेशनाच्या कामात तुम्ही नव्याने येत आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. स्मशानातून परतल्यापासून तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरी पोकळी नातेवाईक आपापल्या गावी परतल्यावर जाणवते, म्हणून तुमची भेट त्यानंतर अधिक मोलाची ठरते. गेलेल्या व्यक्तीचे नाव आवर्जून घ्या. आपण ते संकोचाने टाळतो आणि घरच्यांना बहुधा तेच ऐकायचे असते.

सुरुवातीच्या चुका साधारण अशा होतात:

- ‘देवाची इच्छा’, ‘आता मुलांकडे पाहून सावरा’ असे म्हणून रडणे थांबवणे.
- शांतता सहन न होऊन स्वतःच्या दुःखाची कहाणी सांगू लागणे. मीही पूर्वी हे केले आहे.
- मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच अवस्था (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) समोरच्या माणसात क्रमाने शोधणे. त्या मुळात मरणासन्न रुग्णांच्या अनुभवांवरून मांडलेल्या होत्या.

जगावेसे वाटत नाही, असे कोणी म्हटले तर आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा, त्यांना एकटे सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर त्यांच्यासोबत बसून फोन लावा. उपचारपद्धतींचा अभ्यास सध्या बाजूला ठेवा.