छोट्या पट्टीचं डिझाइन हे करिअर होतं का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटरवर गाणी ऐकायच्या प्लेयरचा कॉम्पॅक्ट मोड, म्हणजे मोठी खिडकी आक्रसून तिची छोटी पट्टी होते तो, मी फिग्मा या पडदे आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन केला आहे. चार चित्रं सोबत जोडते. मला हेच काम आवडतं. अप्पा म्हणतात, असल्या चित्रांवर पोट भरत नाही, पदवी झाली की बँकेच्या परीक्षा दे. मैत्रिणी म्हणतात, कोडिंग शीक. माझं इंग्रजी बेताचंच आहे. यात करिअर होतं का? कोणता कोर्स करू?

उत्तर : तुझी चारही चित्रं मोठी करून नीट पाहिली. आधी त्यांच्याबद्दलच बोलतो, कोर्सचं नंतर. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या चित्रांत आहे.

पट्टी ३६० पिक्सेल रुंद, ७२ उंच. डावीकडे अल्बमचं ७२ चं चौकोनी चित्र, म्हणजे उरले २८८. त्यात एकाच ओळीत तू सात बटणं बसवलीस : मागचं गाणं, प्ले, पुढचं गाणं, शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं), रिपीट, आवडतं आणि आवाज. प्रत्येकी ३२ पिक्सेल धरले तर २२४ तिथेच संपले. गाण्याच्या नावाला राहिले ६४. तिसऱ्या चित्रात त्याचा परिणाम दिसतो : 'राग मा…'. हा मारवा, मालकंस की मारूबिहाग, हे ऐकणाऱ्याला कळायचा मार्गच नाही. शफलचं बटण मात्र डोळ्यांसमोर ठसठशीत आहे, आणि ते कुणी दिवसातून एकदा दाबलं तर दाबलं.

असं झालं, कारण तू मोठी खिडकी समोर ठेवून तिच्यातली एकेक वस्तू बारीक करत गेलीस. कॉम्पॅक्ट मोडचा विचार दुसऱ्या टोकाकडून करावा लागतो. पट्टी उघडी ठेवणारा माणूस गाणी निवडत नसतो. त्याने गाणी लावलेली असतात आणि तो दुसरंच काहीतरी करत असतो. ते दुसरं काम कोणतं, तिथून डिझाइन सुरू होतं.

खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत एखाद्या डीटीपीच्या दुकानात अर्धा तास बसून ये. लग्नपत्रिका करणारा मुलगा कोरलड्रॉ पूर्ण पडदाभर उघडून बसलेला असतो. उजवा हात माऊसवर, डावा कीबोर्डवर, मागे गाणी चालू. कोरलड्रॉची रंगांची पट्टी नेहमीच्या मांडणीत पडद्याच्या उजव्या कडेला असते, म्हणजे तुझी पट्टी उजवीकडे चिकटली तर तो दर दोन मिनिटांनी वैतागणार. वर उजव्या कोपऱ्यात खिडकी बंद करायचं बटण. खाली पानांची नावं आणि स्थितीची ओळ. मग जागा कुठली? ती त्यालाच ठरवू द्यायची : पट्टी कुठेही ओढता यावी आणि कडेजवळ नेली की तिने कड धरावी. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याला पहिल्यांदा आवाज थांबवायचा असतो. म्हणून थांबवायचं बटण सगळ्यांत मोठं, आणि कुठल्याही अवस्थेत त्याच जागी. पॉल फिट्सने १९५४ साली मांडलेला नियम तू बीसीएच्या पुस्तकात पाहिला असशील किंवा पुढे पाहशील : लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका हात पोचायला वेळ जास्त. त्यातून निघणारी गंमत अशी की पडद्याच्या कडेला कर्सर आपोआप थांबतो, त्यामुळे अगदी कडेला टेकलेलं बटण न बघताही सापडतं. तुझ्या पट्टीला चारी बाजूंनी ४ पिक्सेलची सुंदर मोकळी कड आहे. ती काढलीस तर हा फायदा मिळेल.

मागचं-पुढचं गाणं बहुतेक कीबोर्डवरच्या मीडिया कळांनीही होतं. विंडोजला आणि लिनक्सला त्याची ठरलेली सोय आहे. लिनक्सवर तिला एमप्रिस म्हणतात. त्यामुळे पट्टीवर या बटणांची गर्दी करायची गरज कमी होते. आवाज माऊसचं चाक फिरवून कमी-जास्त करता येतो. बाकीची बटणं कर्सर वर आला की दिसू देत, पण तेव्हा प्लेचं बटण जागचं हलता कामा नये. कीबोर्डवर टॅब दाबत आलेल्या माणसालाही ती दिसली पाहिजेत, नाहीतर ज्याला माऊस धरता येत नाही त्याच्यासाठी ती नाहीतच.

हा प्रश्न जुना आहे. १९९७ साली आलेल्या विनॅम्पची मूळ खिडकी २७५ बाय ११६ पिक्सेलची होती आणि तिच्या मथळ्यावर दोनदा क्लिक केलं की ती आक्रसून १४ पिक्सेल उंचीची पट्टी व्हायची. पुन्हा दोनदा क्लिक, पुन्हा पूर्ण खिडकी. परत यायचा रस्ता तोच. तुझ्या चित्रांत पट्टीवरून मोठ्या खिडकीकडे कसं जायचं हे मला सापडलं नाही. ते आधी घाल. त्या १४ पिक्सेलांतली बटणं मात्र आज कुणी मान्य करणार नाही. २०२३ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वापरता यावं यासाठीच्या, निकषांत दाबायच्या जागेचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल दिला आहे. तो वेबसाठी असला तरी डेस्कटॉपलाही मोजपट्टी म्हणून वापर. त्याच निकषांत आणखी एक आहे : आपोआप सुरू होणारी आणि ५ सेकंदांहून जास्त वेळ हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे. चौथ्या चित्रात तू लांब नाव सरकतं दाखवलं आहेस. बाजूला बारीक अक्षरांत पत्रिका जुळवणाऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ते दिवसभर सरकत राहणार. ते एकदा सरकून थांबू दे.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. बेळगावातल्या माणसाच्या कॉम्प्युटरवर एकाच यादीत मराठी अभंग, कन्नड भावगीतं, वचनं आणि हिंदी सिनेमातली गाणी असतात. अनेक प्लेयर मुळात इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. 'दुर्गा' हे रागाचं नाव घे. वर रफार, खाली उकार. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने घट्ट धरली की एक तरी कापला जातो. कन्नडमध्ये ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, ओळीखाली लटकतं, तिथे खालून आणखी जागा लागते. तुझ्या पट्टीत नावासाठी १८ पिक्सेल उंचीची ओळ आहे आणि चारही चित्रांत तू नमुन्याला अशी नावं घेतलीस की हा प्रश्न दिसतच नाही. देवनागरीसाठी 'मुक्त' (Mukta) किंवा नोटो आणि कन्नडसाठी नोटो घराण्यातले फॉन्ट घेऊन मुद्दाम अवघड नावं घाल. टिंबं देऊन नाव तोडताना ते जोडाक्षराच्या मधोमध तुटत नाही ना, तेही बघ.

आणि काय तोडायचं हाही निर्णय आहे. सिनेमाच्या गाण्याला पहिले शब्द पुरतात. शास्त्रीय संगीताच्या यादीत प्रत्येक नाव 'राग' या शब्दानेच सुरू होतं, तिथे रागाचं नाव आणि गाणाऱ्याचं नाव हवं, 'राग' हा शब्द गेला तरी चालेल. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीतला, १९२४ चा. त्यांची निर्गुणी भजनं आणि एखाद्या गायकाचा ४० मिनिटांचा विलंबित ख्याल, दोन्ही तुझ्या नमुन्याच्या यादीत ठेव. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद. गाणं कुठवर आलं हे दाखवणाऱ्या २४० पिक्सेलच्या रेषेवर एक पिक्सेल सरकला की १० सेकंद उडाले. हव्या त्या समेवर माऊसने परत येणं शक्यच नाही. बाणाच्या कळांनी ५-५ सेकंद मागेपुढे जाता आलं पाहिजे आणि रेषेवर कर्सर असताना वेळ दिसली पाहिजे. याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. तुझं जाऊ शकतं, कारण तू या तिन्ही भाषा रोज ऐकतेस आणि वाचतेस. बंगळूर-पुण्याच्या मुलाखतीत हे तुझं भांडवल आहे.

मग करिअर होतं का? नुसता म्युझिक प्लेयरचा कॉम्पॅक्ट मोड करायला कुणी नोकरीवर ठेवत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण अपुऱ्या जागेत, दुसऱ्या कामात गुंतलेल्या माणसासाठी काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवणाऱ्याला काम आहे. गाडीच्या डॅशबोर्डवरचा पडदा, व्हिडिओ कॉलची कोपऱ्यातली खिडकी, मनगटावरचं घड्याळ, डिलिव्हरीवाल्याचं ॲप. उद्यमबागेतल्या कारखान्यांत मशीनच्या पॅनलवर हाताएवढा पडदा असतो, ऑपरेटरचे हात तेलाचे असतात आणि लक्ष मशीनवर चाललेल्या कामावर. तोही हाच प्रश्न आहे, आपल्या गावातलाच. या कामाला यूएक्स (वापरणाऱ्याचा अनुभव) डिझायनर, इंटरॅक्शन डिझायनर, प्रॉडक्ट डिझायनर अशी नावं आहेत. मशीन आणि गाड्यांच्या बाजूला एचएमआय, म्हणजे माणूस आणि मशीन यांच्यामधल्या पडद्याचं, डिझाइन म्हणतात.

मैत्रिणींचा सल्ला अर्धा घे. पट्टाईत प्रोग्रामर व्हायची गरज नाही, पण आपलं डिझाइन चालवून दाखवता आलं पाहिजे. बीसीए करतेस, तेव्हा ते तुला जड नाही. काल्पनिक प्लेयर सोडून एखादा खरा मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असा, प्लेयर घे. केडीई या मुक्त स्रोत प्रकल्पाचा एलिसा हा प्लेयर क्यूटी आणि क्यूएमएल या पडदे बांधायच्या साधनांत लिहिलेला आहे, आणि क्यूएमएल तुझ्यासारखीला लवकर जमेल. सुरुवात मोठ्या बदलाने करू नकोस. देवनागरी किंवा कन्नड नाव कुठे कापलं जातंय ते शोध, चित्रासह मांड, दुरुस्ती सुचव. असं करताना फिग्मात न दिसणाऱ्या गोष्टी कळतात. उदाहरणार्थ, लिनक्सच्या वेलँड या खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेत कुठल्याही ॲपला स्वतःची खिडकी हव्या त्या जागी ठेवता येत नाही की स्वतःहून कायम वर राहता येत नाही. ते डेस्कटॉप ठरवतो. तुझ्या दुसऱ्या चित्रातला 'नेहमी वर' हा पर्याय तिथे तसाच चालणार नाही. दुसरा मॉनिटर काढून घेतल्यावर त्याच्यावर ठेवलेली पट्टी कुठे उघडणार, हेही तुला तिथेच सुचेल.

नंतर ती पट्टी पाच जणांना वापरायला दे. एक ते डीटीपीचं दुकान असू दे, एक होस्टेलची मैत्रीण, एखादी वयस्क बाई. काम सांग आणि गप्प बस. हात कुठे अडला ते लिहून ठेव. पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या आपल्या कामांच्या संग्रहात, चकचकीत चित्रांपेक्षा ही पानं जास्त बोलतात : आधी काय केलं, कुठे अडलं, काय बदललं आणि का.

कोर्सबद्दल. बीसीए सोडू नकोस. त्यानंतर एम.डेस.चा, म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीचा, रस्ता तुला खुला आहे. त्यासाठीची सीईईडी ही प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते; बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी चालते, शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं आणि वयाची अट नाही. एक भाग कॉम्प्युटरवर, दुसरा हाताने चित्रं काढून. आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं विद्यालय १९६९ पासूनचं आहे आणि तिथे इंटरॅक्शन डिझाइन शिकवतात. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि तिचं एक केंद्र बंगळूरलाच आहे. फी आणि शिष्यवृत्ती त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ. तोवर आयडीसीच्या पुढाकाराने तयार झालेलं डी-सोर्स हे फुकट साहित्य वाचायला घे. तीन महिन्यांत नोकरीची हमी देऊन लाखभर रुपये मागणाऱ्या क्लासमध्ये अप्पांचे पैसे घालू नकोस. तिथे सगळ्यांचे पोर्टफोलिओ सारखे निघतात, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते पहिल्या पानावरच कळतं.

इंग्रजीचं. सीईईडीचा पेपर इंग्रजीत असतो आणि नोकरीतही आपला निर्णय इंग्रजीत समजावून सांगावा लागतो. त्यासाठी फर्डं बोलायची गरज नाही. पट्टीतल्या प्रत्येक बदलाचं कारण साध्या इंग्रजीत दोन-तीन वाक्यांत लिहायची सवय लाव. पोर्टफोलिओही होईल आणि भाषाही वळण घेईल.

आता अप्पा. त्यांची काळजी खोटी नाही. पगार दर महिन्याला यावा एवढंच त्यांना हवं आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, वयाचं गणित मांड. बँकांच्या भरतीसाठी होणाऱ्या आयबीपीएसच्या पीओ (अधिकारी) परीक्षेला २० ते ३० वर्षं, क्लार्कला २० ते २८, आणि राखीव गटांना त्यावर सवलत. पदवीनंतर दोन-तीन वर्षं तू या क्षेत्रात घातलीस तरी तो दरवाजा उघडाच राहतो. उलट बाजूने आत्ताच बँकेत शिरून पाच वर्षांनी पोर्टफोलिओ उभा करणं फार अवघड जातं. त्यांच्याकडून तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत सीईईडी देण्याची आणि पदवीनंतर ठरावीक मुदतीची परवानगी माग. मुदत त्यांनाच ठरवू दे, आणि त्या मुदतीत नोकरी लागली नाही तर बँकेचा अभ्यास सुरू करीन, हे स्वतःच्या तोंडाने सांग.

सीईईडीचे अर्ज साधारण ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. त्याआधी सात बटणांची तीन झालेली, 'दुर्गा' पूर्ण दिसणारी पट्टी मला पाठव. कन्नड नावं घालायला विसरू नकोस.