कंपनी, असोसिएशन आणि फाउंडेशनच्या कायद्याचा अभ्यास कुठून सुरू करू?

कलमं पाठ करत बसू नका, आधी प्रत्येक संस्थेला एकच प्रश्न विचारा, की हिचे मालक कोण आणि पैसा शेवटी जातो कुठे. कंपनीत शेअरहोल्डर, त्यांना डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा. असोसिएशनमध्ये मेंबर असतात, ते मत देतात पण नफा सहसा वाटून घेता येत नाही, आणि फाउंडेशनला तर साधारणपणे मेंबरच नसतात, नुसती मालमत्ता, एक ठरलेला उद्देश आणि तो सांभाळणारं बोर्ड, त्यामुळे बोर्डावर लक्ष कोण ठेवणार हाच तिथला खरा इंटरेस्टिंग भाग (आणि नेमका तोच लोक स्किप करतात). मग इंग्लंडमधली १८९७ची सॉलोमन केस वाचा, बूटवाल्या सॉलोमनची स्वतःची कंपनी बुडाली तरी तिचं कर्ज त्याच्या अंगावर आलं नाही, कंपनी ही मालकापेक्षा वेगळी कायदेशीर व्यक्ती म्हणजे काय ते तिथे क्लिअर होतं. डायरेक्टरांची जबाबदारी त्यानंतर घ्या.